आत रोल हाय का?

डबा कॅमेऱ्याच्या पाठीवर एक लाल काच असते, चिंचोक्याएवढी. आत रोल असला की तिच्यात आकडा दिसतो. नसला की नुसता लाल अंधार.

डिंभ्याच्या सावळेरामला टोपीशी चाळा करायची सवय नव्हती. मुलाच्या लग्नात मात्र त्याचा हात सारखा टोपीला जात होता.

घाटघरच्या एका घरात देवळीच्या वर एक खिळा आहे. त्याला काही टांगलेलं नाही.

फ्लॅशच्या पाठीला एक बारीक बटण असतं. दाबलं की उजेड पडतो. उजेडच पडतो फक्त.

"हौसेला मोल नाही म्हणतात," फतेचंद शेठ म्हणायचे. "म्हणजे काय, कळलं का? फुकट जाते."

डिंभ्याला जाणारी एसटी कधी येते ते डिंभेकरांनाही ठाऊक नसतं.

एक बाई अल्बमची पानं उलटते आहे. शेवटच्या पानाशी थांबते. पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

*

कुंडलिकला हे असंच आठवतं. कुठलाही तुकडा आधी, कुठलाही नंतर. त्यातल्या त्यात सुरुवात म्हणायची तर ती कापडाच्या दुकानात झाली.

जुन्नरच्या बाजारपेठेत फतेचंद शेठचं दुकान. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले. शेठ मात्र मराठीत विचार करायचे आणि मराठीतच भाव पाडायचे. कुंडलिक त्यांच्याकडे गादीवर बसून ठाण उलगडायचा, मीटरपट्टी लावून टर्रकन कापड फाडायचा. डबा कॅमेरा त्याला मामानं दिला होता. मामा खडकीला कारखान्यात होता, त्याला त्या डब्याचा कंटाळा आला होता. कुंडलिकला कधी आला नाही.

रोल बारा फोटोंचा, आणि धुण्याआधी उजेड लागला की बाराही जळायचे. तो परवडायचा सणासुदीला. पण कॅमेरा काही सणासुदीलाच गळ्यात अडकवायची वस्तू नव्हे. म्हणून दुकानाला सुट्टी असली की कुंडलिक रिकामाच डबा घेऊन सकाळच्या एसटीनं घाटघरला जायचा. नाणेघाटाच्या वाटेनं चालायचं, थांबायचं, डोळा काचेला लावायचा, हवं तेवढंच चौकटीत घ्यायचं, नको ते बाहेर ठेवायचं आणि खटका दाबायचा. टक्. कोकणातून चढणारं धुकं. टक्. वाकून भाताची आवणी करणाऱ्या बायकांची ओळ, त्यात एकच उभी. टक्. रोल नसला म्हणून त्यानं कधी घाईनं खटका दाबला नाही. उलट रोल नसला की जास्त वेळ थांबायचा. त्या रिकाम्या डब्यानं काढलेले फोटो त्याला अजून दिसतात. रोलवर आलेले पत्र्याच्या पेटीत कुठंतरी पडले आहेत.

वाटेवरच ठकूबाईचं घर. नवरा गेलेला, मुलगा सोमाजी रानात. ती कोरा चहा द्यायची, गूळ घालून. पहिल्यांदा तिनं विचारलं तेव्हा कुंडलिकला लाज वाटली होती.

"आत रोल हाय का?"

"न्हाई, मावशे."

"मंग काय नुसतंच टकटक करत फिरतो? सुतारपक्षी हाय का तू?"

"नजर बसती, मावशे."

"बसू दे. माझाबी काढ मंग."

आणि ती उभी राहिली. डोक्यावर टोपली उलटी घातली, हातात मुसळ घेतलं. "फौजदार हाय मी. काढ." टक्. दुसऱ्या खेपेला कोंबडी काखेत. "हिचाबी काढ, उद्याच्याला हिचा रस्सा हाय." टक्. तिसऱ्या खेपेला दारात बसून तिनं गावच्या सरपंचाची नक्कल केली. पोट पुढं, बोटात खोटी बिडी. कुंडलिकला हसू आवरेना. डबा हलत होता, पण डब्यात काही नव्हतंच, त्यामुळे बिघडलं काहीच नाही.

मग तो खेळच होऊन बसला. तो अंगणात आला की ती आधी विचारायची, "आत रोल हाय का?" आणि तो "न्हाई" म्हणाला की खुलायची. एकदा खरंच रोल होता, दिवाळीचा. तो "हाय" म्हणाला तशी ठकूबाई खांबासारखी ताठ झाली, तोंड मिटलं, डोळे मोठे केले. मग हात जोडून म्हणाली, "नको बाबा. रोल असला की माझं मलाच कळत न्हाई उभं कसं ऱ्हावं. तू पुढच्या बारीला ये."

१९९३च्या थंडीत म्हणून कुंडलिकनं एक लबाडी केली. लाल काचेत सातचा आकडा होता. तो त्यानं अंगठ्यानं झाकला.

"आत रोल हाय का?"

"न्हाई, मावशे."

ती नुकतीच न्हाली होती. केस मोकळे सोडून उन्हात बसली होती. एक कोंबडी तिच्या ओल्या लुगड्यावरून चालत गेली आणि ठकूबाई तिला शिव्या देता देता हसली. पुढचे दोन दात नव्हते, ते तिनं लपवले नाहीत. कुणापासून लपवायचे? डब्यात रोल नव्हता. टक्. कुंडलिक खोटंच खोकला आणि खोकल्याच्या आवाजात त्यानं रोल पुढं सरकवला. सातचे आठ झाले.

एसटीत बसल्यावर त्याचं काळीज धडधडत होतं, आंबे चोरल्यासारखं. बारा भरले की धुवायला टाकू, मग तिला नेऊन दाखवू. ओरडेल, मग हसेल. असा बेत होता.

*

"अरे, म्हातारीचे फोटो, ते पण रोलशिवाय!" फतेचंद शेठनी गादीवरच्या सगळ्यांना ऐकवलं. "कुंडलिकराव, तुमची नजर चांगली आहे हो. मग बाजारात आणा की तिला. तालुक्यात मुहूर्त एक असतो आणि मांडव पन्नास. फोटोवाले किती? हौस घरात ठेवायची नसते. हौसेला मोल नाही, म्हणून तर आपण लावायचं."

शेठ वाईट माणूस नव्हते. गाळा त्यांनीच बघून दिला, जुन्या एसटी स्टँडजवळ. पस्तीस एमएमचा कॅमेरा पुण्याहून आला, फ्लॅश आला, छत्रीचा दिवा आला, निळा पडदा आला. डबा कॅमेरा आता काय कामाचा? तो शेठनी आपल्या विपुलसाठी घेतला, पोराला खेळायला. कुंडलिकच्या बायकोनं दारावर लिंबू-मिरची बांधली. १९९४ साल होतं.

धंदा चालला. चांगला चालला. खोटं कशाला बोला, कुंडलिक त्या कामात तरबेज होता. हनुवटी वर, खांदे सरळ, हलू नका. कडेवरच्या पोराला खुळखुळा, नवरदेवाला "जरा हसा की राव, लग्न तुमचंच हाय". अंतरपाट, अक्षता, हार, सप्तपदी, सूनमुख, पाठवणी. कुठं उभं राहायचं ते पायांना पाठ झालं. डोळ्यांना काही पाठ करावं लागलं नाही. त्यांना काम उरलं नव्हतं.

पहिल्या वर्षी घाटघरला जायला सवड नव्हती. दुसऱ्या वर्षी सवड झाली. तो दाराशी जाऊन कॅमेरा गळ्यात घालू लागला आणि एकदम वाटलं, आज सुट्टी आहे ना? सुट्टीच्या दिवशी कुणी औत खांद्यावर घेऊन फिरायला जातं का? त्यानं कॅमेरा परत खुंटीला लावला आणि झोपला.

आणि रिकामा फ्लॅश तो ओतूरच्या एका जुन्या फोटोग्राफरकडून शिकला.

"मांडवात माणसं पाचशे," तो म्हातारा सुपारी कातरत म्हणाला होता. "यजमान रोल देणार चार. प्रत्येकाला स्टेजवर आहेर देताना उजेड पडायला हवा असतो. नाही पडला तर रुसवा. सोयरीक मोडेपर्यंत रुसवा! तेव्हा उजेड सगळ्यांना द्यायचा. फोटो यजमान सांगेल त्यालाच. हे बघ, फ्लॅशच्या मागं हे बटण. कॅमेऱ्याला हात लावायचाच नाही."

"आणि कुणाला कळलं तर?"

"कॅमेऱ्याकडं बघताना माणूस कॅमेरा बघतो का? आपलं तोंड कसं दिसतंय तेच बघतो."

पहिल्या लग्नात कुंडलिकचा अंगठा बटणाशी अडखळला. दहाव्या लग्नापर्यंत तो अंगठाच राहिला नव्हता, त्या बटणाचाच एक भाग झाला होता.

*

आता डिंभ्याचं लग्न. १९९९चा उन्हाळा, धरणाचं पाणी खाली गेलेलं, काठाला भेगाळलेला गाळ. सावळेरामचा एकुलता एक मुलगा. सावळेराम धरणातल्या मासळीचा ठेका घ्यायचा. त्याच्या मांडवाला कमान होती, बँड होता, स्टेजवर दोन सिंहासनं होती. खूण ठरली होती. पाव्हणा मानाचा असेल तर सावळेराम टोपीला हात लावणार. नसेल तर हात खाली.

आहेराची रांग लागली. आमदारांच्या ओळखीचा कुणी आला, टोपीला हात. टक्. बँकेतले साहेब, टोपीला हात. टक्. नवरीकडच्या बाया, डोंगराकडून आलेल्या, हातात स्टीलची भांडी घेतलेल्या. हात खाली. उजेड. उजेड. उजेड.

"कुंडलिका! आरं, तूच का त्यो?"

ठकूबाई. नवरी आरती तिच्या बहिणीची नात. नवं हिरवं लुगडं, हातात पातेलं, पातेल्यात नारळ. केस आता सगळे पांढरे. ती रांग सोडून त्याच्याजवळ आली आणि मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आज तरी आत रोल हाय का?"

लोक हसले. रांगेतला एक जण ओरडला, "म्हातारे, रोल न्हाई तर काय शेंगदाणे भरलेत व्हय त्यात?"

"तुमाला न्हाई ठाव. ह्यो लई लबाड हाय! रिकाम्या डब्यानं फोटू काढतो ह्यो. मी सोता बघितलंय."

हसणं वाढलं. सावळेराम मात्र हसला नाही. त्यानं कुंडलिककडं पाहिलं, मग रांगेकडं, मग पुन्हा कुंडलिककडं. म्हातारी गमतीत बोलत होती, पण मांडवातल्या एकालाही त्या गमतीत शंका आली असती तर तालुक्यातला त्याचा बाजार त्या दिवशीच उठला असता.

"हाय, मावशे, हाय. रोल हाय," तो घाईनं म्हणाला. "चल, उभी ऱ्हा वर."

"खरंच?"

"खरंच."

मग ठकूबाई स्टेजवर गेली. तिनं फौजदार केला नाही, सरपंच केला नाही. पदरानं तोंड पुसलं. कपाळावरचे केस मागं सारले. पातेलं नवरीच्या हातात नीट दिलं, तिच्या शेजारी सरळ उभी राहिली आणि दात दिसू नयेत म्हणून ओठ मिटून घेतले. रोलपुढं उभं कसं राहावं हे एवढ्या वर्षांत तिनं कधीतरी शिकून घेतलं होतं. कदाचित याच दिवसासाठी.

कुंडलिकनं सावळेरामकडं पाहिलं. सावळेरामचे दोन्ही हात पाठीमागं होते.

आता यजमानाला विचारायचं होतं कशाला? रोलमध्ये तीन उरले होते. पाठवणीला एक पुरला असता. पिशवीत एक कोरा रोलही होता. हे सगळं त्याला नंतर सुचलं, वर्षानुवर्षं सुचत राहिलं. त्या क्षणी अंगठा आधीच मागं गेला होता.

उजेड पडला.

ती हलली नाही. "झाला?"

"झाला."

"रोलवाला?"

"रोलवाला, मावशे."

संध्याकाळी पाठवणीचा एक काढून दोन उरलेच. रोल संपवायचा म्हणून ते त्यानं पंगतीच्या उष्ट्या पत्रावळींवर उडवले. टक्. टक्.

*

पावसाळा संपता संपता, बाजाराच्या दिवशी, ठकूबाई स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसली. पिशवीत हिरड्याचं वाळवण होतं, विकायला आणलेलं.

"डिंभ्याला जाऊन आले," ती म्हणाली. "एक एसटी चुकली, दुसरी आलीच न्हाई. मंग एका टेम्पोत बसले, मासळीच्या. आरती म्हणाली, आज्जे, कुठं एवढ्या लांब आलीस. म्हणलं, अलबम बघायला."

कुंडलिक काउंटरवरची काच पुसू लागला.

"दोन बाऱ्या बघितला. आरतीनंबी बघितला. माझ्या म्होरं व्हती ती जाडी बाई हाय, बँकवाल्याची. माझ्या मागं आमच्या वाडीतली धा जणं व्हती, त्यातलं बी कोण न्हाई. ती पोरं म्हणत्यात, फोटूवाल्यानं गफलत केली. मी म्हणलं, न्हाई. कुंडलिक न्हाई करायचा. तो न्हाई म्हणलं तवा न्हाई असतंय, हाय म्हणलं तवा हाय असतंय."

"रोल... रोल कधीकधी खराब निघतो, मावशे."

"आसंल. पण मला वाटतंय माझं तोंडच उठत न्हाई." ती हे अगदी साधेपणानं म्हणाली, जशी बाई म्हणते की माझ्या हाताला दही लागत नाही. "सरकारची माणसं फोटू काढायला आल्ती, तवा मी रानात. शाळेत काढले तवा मी आजारी. आन् आता ह्यो. एकेकाचं तोंड उठत न्हाई, एवढंच."

सांगावं. आत्ता सांगावं. कुंडलिकनं फडकं खाली ठेवलं. त्याला एक थंडीतली दुपार आठवली, ओले केस, कोंबडी, आणि ती आठवण त्यानं चटका बसावा तशी सोडून दिली. समोर बाकावर एक बाप पोरीला घेऊन बसला होता, दहावीच्या फॉर्मचे फोटो काढायला. पुढच्या आठवड्यात त्याच्याच घरी साखरपुड्याची ऑर्डर होती.

"आत ये," तो म्हणाला. "चल, आत्ता काढतो. तुझा एकटीचा. मोठा."

ठकूबाईनं वाकून आत पाहिलं. स्टूल, निळा पडदा, छत्रीचा दिवा.

"नको बाबा." ती उठली, पिशवी खांद्याला लावली. "त्या दिशी मी लई नीट उभी ऱ्हायले व्हते. तेवढी नीट आता न्हाई ऱ्हायला यायचं." पायरी उतरता उतरता ती थांबली. "एक इचारू? त्या दिशी तुझं ते टक् काय ऐकू आलं न्हाई मला. बँड वाजत व्हता म्हून आसंल."

"हां," कुंडलिक म्हणाला. "बँडच."

*

मग रोलच गेले. २००५-०६पर्यंत जुन्नरात डिजिटल आला, कुणाच्याही हातात आला. मांडवात आता रिकामा फ्लॅश मारायचं कारणच उरलं नाही. फुकटात हजार फोटो निघत होते आणि हजार फोटो कुणी बघत नव्हतं.

फतेचंद शेठचा विपुल दुकान सांभाळू लागला होता. दुकान रेडिमेडचं झालं होतं. सुट्टीच्या दिवशी तो भलामोठा कॅमेरा घेऊन डोंगरात जायचा. एकदा तो स्टुडिओत आला.

"काका, नाणेघाटाला चला ना माझ्याबरोबर. धुकं आहे मस्त. आणि माझा पहिला कॅमेरा तुमचाच होता, विसरलात का?"

"मी लग्नवाला माणूस. धुक्याला काय सांगू, हनुवटी वर कर म्हणून?"

"चला हो! गंमत म्हणून."

गेला. विपुल वाटेवर दहादा थांबला. एका वाळक्या फांदीसमोर तो इतका वेळ बसला की कुंडलिकला आधी कंटाळा आला, मग राग आला आणि मग त्या रागाचं नाव कळलं. तो हेवा होता.

घाटघरला तेच घर, कौलं नवी. सोमाजीची बायको बायडाबाई बाहेर आली. चहाचं विचारलं, नाव विचारलं, आणि नाव ऐकताच तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तुमीच व्हय कुंडलिक फोटूवाले! आत्याबाई लई नाव काढायच्या. गेल्या आखाडात गेल्या."

आत देवळीच्या वर खिळा होता.

"ह्यांनी ठोकला, फोटू लावायला. पण फोटू कुठाय? त्याच म्हणायच्या, माझा उठत न्हाई, तुमी आपला खिळ्यालाच हार घाला." बायडाबाई हसली आणि पदर तोंडाला लावला. "तेराव्याच्या दिवसाला तसाच घातला. पावणं बघून हसायला लागले, मंग रडायला लागले."

"काका, तुमच्याकडे एकसुद्धा नाही?" विपुलनं विचारलं. "एवढी वर्षं येत होता तुम्ही."

"न्हाई."

विपुल थोडा वेळ खिळ्याकडं बघत राहिला. कौलातून उन्हाची पट्टी भिंतीवर आली होती. त्यानं कॅमेरा उचलला, थांबला, पुन्हा थांबला. टक्.

"त्याचा कशापायी?" बायडाबाईनं विचारलं.

"असाच. हौस आहे, वहिनी." त्यानं कॅमेरा कुंडलिकपुढं केला. "काका, घ्या. तुम्ही काढा एक. तुमची नजर चांगली होती, बाबा अजून सांगतात."

कुंडलिकनं कॅमेरा हातात घेतला. डोळा काचेला लावला. चौकटीत भिंत आली, ऊन आलं, खिळा आला. आणि त्याचा अंगठा आपोआप मागं गेला, तिथं नसलेलं ते बारीक बटण चाचपडू लागला.

त्यानं कॅमेरा न दाबताच परत दिला.

*

१९९४च्या अक्षयतृतीयेला फतेचंद शेठनी विपुलसाठी डबा कॅमेरा घेतला, तेव्हा लाल काचेत आठचा आकडा होता. "आत काही आहे का रे?" शेठनी विचारलं. "काही नाही शेठ, हौसेचे आहेत," कुंडलिक म्हणाला, आणि दुकानाच्या पायरीवर, भर उन्हात, कॅमेऱ्याचं झाकण त्यानं स्वतःच उघडलं.